उपाशी स्नायूतली चरबी



तीन दिवस नुसत्या पाण्यावर राहिलेल्या धडधाकट माणसाच्या स्नायूंतली चरबी घटते की वाढते? कुणालाही विचारलं तरी उत्तर ठरलेलं: घटणारच. बाहेरून काही येत नाही, तेव्हा आतलं खर्ची पडणार. २००२ मध्ये सिडनीच्या स्टीफन स्टॅनर्ड आणि सहकाऱ्यांनी मधुमेह नसलेल्या सहा तंदुरुस्त पुरुषांना ७२ तास पाण्यावर ठेवलं आणि त्यांच्या मांडीच्या स्नायूतली चरबी मोजली. ती वाढली होती. त्वचेखालची नव्हे, पोटावरची नव्हे, तर खुद्द स्नायूच्या पेशीच्या आतली.

आजचा विषय ही वाढ. महाराष्ट्रात उपवास घरोघरी चालतो आणि चरबीचा धाक हल्ली सगळ्यांनाच आहे. पण या दोन गोष्टींची गाठ स्नायूच्या पेशीत पडते तेव्हा काय घडतं, हे फारसं सांगितलं जात नाही. ते सांगण्याजोगं आहे, कारण त्यातून शरीराच्या कारभाराची एक बाजू उघड होते आणि मधुमेहाबद्दलची एक सरधोपट समजूतही तपासून घेता येते.

आधी जागा नक्की करू. मटणाच्या दुकानात लाल मांसात पांढऱ्या रेघा दिसतात. ती चरबी स्नायूच्या तंतूंच्या मधल्या फटींत, वेगळ्या चरबीपेशींमध्ये साठलेली असते. आपला विषय ती नाही. स्नायूचा प्रत्येक तंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी. तिच्या आत, मायटोकॉन्ड्रियाला खेटून, चरबीचे अगदी बारीक गोल थेंब असतात. एकेका थेंबाचा व्यास एक मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. थेंबाभोवती प्रथिनांचं वेष्टन असतं. त्यातलं पेरिलिपिन-५ नावाचं प्रथिन थेंबाला मायटोकॉन्ड्रियाजवळ धरून ठेवायला मदत करतं. जळण आणि चूल शेजारी असावीत, अशीच ही रचना आहे. सगळ्या शरीरातल्या स्नायूंमधली ही चरबी गोळा केली तर साधारण दोनशे ते तीनशे ग्रॅम भरेल. सत्तर किलोच्या माणसात एकूण चरबी बारा ते पंधरा किलो असते, त्यापुढे हा आकडा किरकोळ वाटतो. पण जागा मोक्याची आहे. शरीरात जेवणानंतर येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायूंनी उचलायचा असतो आणि तो उचलला जाईल की नाही, हे ठरण्याशी या थेंबांचा संबंध आहे.

हे थेंब मोजायचे कसे? बराच काळ एकच मार्ग होता: सुई. स्वीडनच्या योनास बर्गस्ट्रॉम यांनी १९६२ मध्ये स्नायूचा नमुना घेण्याची सुई वापरात आणली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मांडीची जागा बधिर करायची, त्वचेला छोटा छेद द्यायचा, पोकळ सुई आत सारायची. सुईच्या खाचेत शिरलेला मांसाचा तुकडा आतल्या नळीच्या धारेने कापला जातो. तो लगेच गोठवायचा, पातळ चकत्या करायच्या आणि ऑइल रेड ओ नावाच्या रंगात बुडवायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंचे आडवे छेद फरशीसारखे शेजारी शेजारी मांडलेले दिसतात आणि त्यांत लाल ठिपके पसरलेले असतात. सावकाश, पण दीर्घकाळ काम करणाऱ्या तंतूंमध्ये ठिपके दाट, झटक्याने जोर लावणाऱ्या तंतूंमध्ये विरळ. अडचण एवढीच की, त्याच मांडीतून दोन बोटं बाजूला दुसरा तुकडा घेतला तर आकडा बदलतो. शिवाय एकाच माणसाला पुन्हा पुन्हा सुई टोचणार किती वेळा?

१९९३ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या शिक आणि सहकाऱ्यांनी सुईविना मार्ग दाखवला. एमआरआयच्याच यंत्रात माणसाला निजवायचं, पोटरीभोवती कॉइल बसवायची, आणि चित्राऐवजी हायड्रोजनच्या अणूंचा वर्णपट घ्यायचा. पडद्यावर पाण्याचा एक उंच सुळका येतो आणि बऱ्याच अंतरावर चरबीचे दोन ठेंगणे सुळके येतात. चरबीच्या या दोन सुळक्यांच्या जागांत दहा लाखांत ०.२ भाग इतकाच फरक असतो. तंतूंच्या मधली चरबी तंतूंना समांतर अशा लांब पट्ट्यांत असते, म्हणून चुंबकीय क्षेत्रात तिचा सुळका किंचित सरकतो. पेशीतले थेंब गोल असतात, त्यामुळे पाय कसाही ठेवला तरी त्यांचा सुळका जागचा हलत नाही. चरबी तीच, रसायन तेच. फक्त आकारावरून यंत्र दोन साठे वेगळे ओळखतं. पुढे १९९७ मध्ये बर्नच्या बोश यांच्या गटाने ही पद्धत भक्कम केली. एकाही टोचणीशिवाय एकाच माणसाची चरबी आज, उद्या आणि परवा मोजता येऊ लागली. उपवासाचा प्रश्न हाताशी आला तो इथे.

आता उपवासाकडे वळू. रात्री नऊला जेवलेला माणूस सकाळी नऊला भुकेला असतो, पण त्याच्या यकृतात अजून ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, शिल्लक असतं. मेंदूला रोज सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. यकृतातला साठा शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे तो साधारण एक-दीड दिवसात संपतो. स्नायूंत ग्लायकोजेन बरंच असतं, पण स्नायू ते रक्तात परत सोडू शकत नाहीत. त्यासाठी लागणारं विकर त्यांच्यापाशी नाही. इन्शुलिन उतरत जातं. इन्शुलिनचा लगाम सुटला की चरबीपेशी आपला साठा फोडून फॅटी ॲसिड रक्तात सोडू लागतात. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांचं रक्तातलं प्रमाण सकाळच्या उपाशीपोटीच्या प्रमाणाच्या दुप्पट-तिप्पट होतं. यकृत त्यातून किटोन बनवतं.

हा हिशेब मांडण्यात अमेरिकेतल्या बोस्टन शहराचा मोठा हात आहे. १९१२ मध्ये माल्टाचे अगोस्तिनो लेव्हान्झिन तिथल्या कार्नेगी संस्थेच्या पोषण प्रयोगशाळेत आले आणि फ्रान्सिस बेनेडिक्ट यांच्या देखरेखीखाली ३१ दिवस ऊर्ध्वपातित पाण्यावर राहिले. रात्री ते उष्णतामापक पेटीत झोपत. त्यांचा श्वास, मूत्र, नाडी, वजन रोज नोंदलं गेलं. या काळात त्यांचं वजन सुमारे १३ किलोंनी उतरलं. बेनेडिक्ट यांचा जाडजूड ग्रंथ १९१५ मध्ये निघाला. अर्ध्या शतकानंतर त्याच शहरात जॉर्ज केहिल आणि ऑलिव्हर ओवेन यांनी पाच-सहा आठवडे उपाशी राहिलेल्या स्थूल रुग्णांच्या मेंदूत जाणाऱ्या आणि तिथून परतणाऱ्या रक्ताची तुलना केली. १९६७ मध्ये त्यांनी दाखवलं की, दीर्घ उपवासात मेंदूच्या इंधनाचा जवळपास दोन तृतीयांश वाटा किटोन उचलतात. तोवर मेंदू फक्त साखरेवर चालतो असंच पाठ्यपुस्तकं सांगत होती. या शोधाचं महत्त्व स्नायूंसाठीही आहे. मेंदूने किटोन स्वीकारले नसते, तर साखर बनवण्यासाठी स्नायूंची प्रथिनं रोज मोडावी लागली असती, आणि माणूस काही आठवड्यांतच अंथरुणाला खिळला असता.

म्हणजे उपवासाच्या तिसऱ्या दिवशी रक्तातून फॅटी ॲसिडचा पूर वाहतो आहे. स्नायू त्यावरच चालतात. पण पडून असलेला स्नायू जाळून जाळून किती जाळणार? येणारा पुरवठा गरजेपेक्षा जास्त असतो. फॅटी ॲसिड मोकळी राहिली तर पेशीच्या पापुद्र्यांना अपाय करतात. म्हणून पेशी तीन-तीन फॅटी ॲसिड ग्लिसरॉलला बांधून थेंबात ठेवून देते. एका बाजूला पोटावरचा साठा उतरतो, दुसऱ्या बाजूला स्नायूतला चढतो. शरीराची एकूण चरबी कमीच होत असते. तिचा एक छोटा भाग जिथे जाळायचा तिथे आगाऊ नेऊन ठेवलेला असतो. सिडनीच्या सहा जणांच्या मांडीत जे दिसलं, त्याचं स्पष्टीकरण इतकं सरळ आहे.

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला योरिस हुक्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ६० तासांच्या उपवासाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सडसडीत, निरोगी पुरुषांच्या स्नायूंत चरबी वाढली, इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद घटला आणि त्यापाठोपाठ मायटोकॉन्ड्रियाचं कामही मंदावलं. या शेवटच्या गोष्टीमुळे मधुमेहाच्या संशोधनातला एक वाद पुढे सरकला. मधुमेहींच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रिया सुस्त असतात, म्हणून चरबी साचते आणि इन्शुलिन निष्प्रभ होतं, असं अनेकजण मानत. इथे मायटोकॉन्ड्रिया मुळात ठणठणीत होते, आणि चरबी वाढल्यावर, इन्शुलिनचा प्रभाव ओसरल्यावर ते मंद झाले. सुस्ती हे कारण नसून परिणाम असू शकतो, असं या गटाने मांडलं.

स्त्री-पुरुषांतला फरक तर आणखी बोलका आहे. टेक्सासमधल्या ब्राउनिंग आणि बर्जेस यांच्या गटाने २०१२ मध्ये निरोगी स्त्री-पुरुषांच्या ४८ तासांच्या उपवासात यकृत आणि स्नायू दोन्ही तपासले. पुरुषांची चरबी यकृतात वाढली, स्त्रियांची स्नायूत. साखर आणि ऊर्जेचा एकूण हिशेब मात्र दोघांचा सारखाच निघाला. आपल्याकडे हरतालिकेपासून एकादशीपर्यंत उपवासांचा मोठा भार बायकांनी वाहिला आहे. आहारशास्त्राचे किती तरी जुने प्रयोग मात्र फक्त पुरुषांवर झाले. असे अभ्यास अधिक व्हायला हवेत, हे ठासून सांगण्यासारखं आहे.

उपवासात इन्शुलिनचा प्रभाव ओसरतो, ही गोष्ट तशी जुनी. १८९० मध्ये प्रागच्या फ्रांत्स होफमाइस्टर यांनी उपाशी ठेवलेल्या कुत्र्यांना पिष्टमय अन्न दिलं, तेव्हा त्यांच्या लघवीत साखर उतरली. या अवस्थेला त्यांनी उपासमारीचा मधुमेह म्हटलं. कारणाची उकल १९६३ मध्ये केंब्रिजच्या फिलिप रँडल यांनी केली: स्नायूला भरपूर चरबी मिळाली की तो साखर नाकारतो. आजारी माणसात हे वाईट. उपाशी माणसात मात्र यात मोठं शहाणपण आहे. साखर थोडीच शिल्लक आहे आणि मेंदूला ती हवीच आहे. अशा वेळी शरीरातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक, म्हणजे स्नायू, स्वतःहून बाजूला होतं. तीन दिवसांच्या उपवासानंतर कुणाची साखर-सहनशीलतेची चाचणी घेतली तर निकाल मधुमेहासारखा येऊ शकतो आणि तरीही तो माणूस पूर्ण निरोगी असतो.

मग स्नायूतली चरबी चांगली की वाईट? १९९९ च्या सुमारास अनेक गटांनी दाखवलं होतं की, ज्यांच्या स्नायूंत ही चरबी जास्त, त्यांच्यात इन्शुलिनचा प्रभाव कमी. सूत्र हाती लागलं असं वाटलं. पण २००१ मध्ये पिट्सबर्गच्या ब्रेट गुडपास्टर यांनी लांब पल्ल्याच्या खेळाडूंचे स्नायू तपासले. त्यांच्यातही चरबी भरपूर निघाली, मधुमेहींइतकी किंवा त्याहून जास्त. आणि त्यांच्या शरीराचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सर्वांत उत्तम होता.

या कोड्याचं उत्तर खर्चात आहे. खेळाडूचे थेंब रोज रिकामे होतात आणि रोज भरतात. तीन तास सायकल चालवली की मांडीतली ही चरबी उतरते. जेवणात पुरेसा स्निग्धांश असेल तर दोन दिवसांत भरून निघते, आणि फारच कमी असेल तर तेवढ्या वेळात भरत नाही, हे २००३ मध्ये मास्ट्रिख्टच्याच लूक व्हान लून यांनी मोजून दाखवलं. बेल्जियममधल्या लूव्हेनच्या संशोधकांनी २००५ मध्ये आणखी एक बारकावा टिपला. रात्रभर उपाशी राहून दोन तास जोरात सायकल चालवली तर सावकाश चालणाऱ्या तंतूंमधले थेंब ठळकपणे कमी झाले. व्यायामाआधी आणि व्यायामादरम्यान साखर घेतली तेव्हा ते थेंब जवळजवळ शाबूत राहिले. म्हणजे एक रात्र उपाशी राहून हातपाय हलवले तर स्नायूची चरबी खर्च होते, आणि तीन दिवस उपाशी राहून पडून राहिलं तर साठते. दोन्ही उपवासच, पण स्नायूच्या दृष्टीने परस्परांच्या उलट.

मधुमेहाकडे झुकलेल्या, बैठ्या माणसात थेंब भरतात, पण उपसले जात नाहीत. त्यात चरबीपासून तयार होणारे घटक, डायॲसिलग्लिसरॉल आणि सिरॅमाइड, साचत जातात आणि इन्शुलिनचा निरोप पेशीच्या आत वाटेतच अडवतात, असं बरंच संशोधन सांगतं. माझं मत असं की, चरबी किती आहे हे विचारण्यात आपण फार काळ घालवला. ती किती वेगाने येते-जाते, हे विचारायला उशीर केला.

या टप्प्यावर आपल्या माणसांचा विचार करायलाच हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय आतून लठ्ठ असू शकतो, हे एका फोटोने जगभर पोहोचवलं. त्याआधी, १९९९ मध्ये, लंडनमध्ये राहणाऱ्या दक्षिण आशियाई पुरुषांच्या पोटरीच्या स्नायूची तपासणी झाली होती. त्यांच्या पेशींत युरोपीय पुरुषांपेक्षा जास्त चरबी होती. पण युरोपीयांमध्ये या चरबीचा इन्शुलिनच्या प्रभावाशी जो संबंध दिसला, तो दक्षिण आशियाई पुरुषांत दिसलाच नाही. परदेशातल्या प्रयोगांचे निष्कर्ष जसेच्या तसे आपल्यावर लावू नयेत, याचा याहून चांगला पुरावा शोधावा लागणार नाही.

आणि आपला उपवास? १९९२ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल क्लाइन आणि रॉबर्ट वोल्फ यांनी एक नामी प्रयोग केला. त्याच माणसांना दोनदा ८४ तास तोंडाने काही खाऊ दिलं नाही. एकदा मात्र रोजच्या गरजेइतकी ऊर्जा शिरेतून, स्निग्ध द्रावणाच्या रूपात दिली. शरीराचा प्रतिसाद दोन्ही वेळा सारखाच निघाला. म्हणजे शरीर उपवास ओळखतं ते अन्नाच्या अभावावरून नाही, तर कर्बोदकांच्या अभावावरून. पुढे २००६ मध्ये नेथन जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी पाण्यावरचा उपवास आणि अगदी कमी कर्बोदकांचा, भरपूर स्निग्ध आहार यांची तुलना केली. दोन्हींत स्नायूतली चरबी सारखीच चढली.

आता एकादशीचं ताट समोर घ्या. साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस. साबुदाणा म्हणजे कसावाच्या कंदाचं पिष्ट. कोरड्या साबुदाण्याच्या शंभर ग्रॅममध्ये पंचाऐंशीहून जास्त ग्रॅम कर्बोदकं असतात. हे खाल्ल्यावर इन्शुलिन चढतं, चरबीपेशींचं दार बंद होतं आणि स्नायूच्या हिशेबी उपवास सुरूच होत नाही. व्रताचं मोल मनाच्या संयमात आहे आणि त्याबद्दल इथे काही म्हणायचं नाही. पण वजन किंवा साखर उतरेल या आशेने जो असा उपवास करतो, त्याला हे स्पष्ट सांगायला हवं. याउलट जैन बांधवांची अठ्ठाई, म्हणजे आठ दिवस फक्त उकळलेल्या पाण्यावर, किंवा महिनाभराचं मासक्षमण, हे शरीराच्या दृष्टीनेही खरे उपवास. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात केलेलं उपोषण, किंवा गांधीजींचं १९४३ मधलं पुण्याच्या आगाखान पॅलेसमधलं २१ दिवसांचं उपोषण, हेही त्याच जातीचे.

मधल्या पट्टीत दिवसातून दोनदाच जेवण्याची रीत येते. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी ती मांडली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी पोहोचवली. दोन जेवणांमधल्या त्या तासांत इन्शुलिन खाली राहतं, पण यकृतातलं ग्लायकोजेन संपत नाही. ७२ तासांच्या उपवासाचे निष्कर्ष तिला लावू नयेत. त्या मोकळ्या वेळात झपझप चालणं असेल तर मात्र लूव्हेनच्या प्रयोगात दिसलेली दिशा लक्षात ठेवण्याजोगी आहे. वजन उतरलं म्हणजे स्नायूही रिकामे झाले, असंही समजू नये. येल विद्यापीठातल्या किट पीटरसन यांच्या गटाने २००५ मध्ये मधुमेहींचं वजन सुमारे आठ किलोंनी उतरवलं. यकृतातली चरबी झपाट्याने ओसरली, स्नायूतली मात्र बदलली नाही.

शेवटचा मुद्दा पारण्याचा. लांब उपवास सुटतो त्या घटकेला स्नायू साखर घ्यायला तयार नसतात, म्हणून पहिल्याच जेवणात शिरा, पेढे आणि सरबत आले तर साखर रक्तात रेंगाळते. त्याहून मोठा धोका वेगळा आहे. इन्शुलिन एकदम चढलं की फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रक्तातून पेशींत ओढले जातात आणि ब१ जीवनसत्त्वाचा उरलासुरला साठाही संपतो. हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. मुगाच्या पाण्याने सुरुवात करून दोन-तीन दिवसांत हळूहळू जेवणावर येण्याची जैन घरांतली पद्धत म्हणूनच योग्य आहे. ज्यांना मधुमेह आहे आणि जे इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी उपवासाच्या आधी, पारण्याच्या दिवशी नव्हे, डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांबाबत तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण उपाशीपोटी त्या घेतल्यास रक्तातलं आम्ल धोकादायक पातळीला जाऊ शकतं आणि त्या वेळी ग्लुकोमीटरवरचा आकडा फारसा वाढलेला नसतो.